पहाट उजाडताना पायरी दिसू नये म्हणून

आमच्या नाटकाची सुरुवात अंधारात होते. जात्याची घरघर ऐकू येते, बाईच्या तोंडची ओवी ऐकू येते आणि मग मागच्या पांढऱ्या पडद्यावर तांबडं फुटायला लागतं. दिग्दर्शकाचं म्हणणं एकच होतं : उजेड आलाय हे कळलं पाहिजे, पण तो येताना दिसता कामा नये. पूर्वी हे काम मी हजार वॅटच्या फ्रेनेलवर (टंगस्टनच्या जुन्या स्पॉटलाइटवर) आणि उजेड कमीजास्त करणाऱ्या थायरिस्टर डिमरवर करायचे. फेडर, म्हणजे डिमरची पट्टी, हळूहळू वर सरकवला की पहाट व्हायची, त्यात विचार करण्यासारखं काही वाटायचं नाही. मग ग्रुपने एलईडी पार (रंग बदलणारे एलईडी दिवे) घेतले, मी लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस हे दिवे चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, नव्वद सेकंदांचा फेड (उजेडाचा संथ बदल) लावला आणि निर्धास्त बसले. प्रयोगात पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी म्हणाली, "आई, तो दिवा उड्या मारतोय." सभागृह शांत होतं, सगळ्यांनी ऐकलं. आणि ती बरोबर होती.

त्या रात्रीपासून मी या एका गोष्टीच्या मागे लागले. जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण हौशी ग्रुप आता भराभर एलईडीकडे वळतायत आणि पहिल्या प्रयोगाला सगळ्यांची हीच फजिती होते.

आधी उड्या का दिसतात ते समजून घ्या. डीएमएक्स ५१२ ही दिव्यांना तारेवरून आकडे पाठवायची पद्धत अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या संस्थेनं १९८६ साली ठरवली. एका तारेवर ५१२ चॅनेल आणि प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ यांपैकी एक आकडा, म्हणजे आठ बिट. त्या काळी तारेच्या दुसऱ्या टोकाला डिमर रॅक असायचा आणि त्याला टंगस्टनचे दिवे जोडलेले असायचे. टंगस्टनची तार तापायला आणि निवायला वेळ घेते. आकडा ४ वरून ५ वर उडी मारतो, पण तार रमतगमत पोचते, त्यामुळे पायरी बुजून जाते. एलईडीला हा आळस नाही. आकडा बदलला की उजेड त्याच क्षणी बदलतो.

आता माझ्या पहाटेचा हिशेब करा. शून्यापासून तीस टक्क्यांपर्यंत जायचं म्हणजे ० ते ७६. नव्वद सेकंदांत ७६ पायऱ्या, साधारण सव्वा सेकंदाला एक. पण खरा घोटाळा तळाशी आहे. ७५ वरून ७६ वर गेलं तर उजेड एका टक्क्याच्या थोडा वर वाढतो, कुणाला पत्ता लागत नाही. १ वरून २ वर गेलं तर तो दुप्पट होतो! डोळा फरक मोजतो तो आधीच्या उजेडाच्या तुलनेत, आणि अंधारात बसलेला डोळा फारच तिखट असतो. म्हणून सगळी लढाई खालच्या दहा टक्क्यांची आहे. वरचे नव्वद टक्के आपोआप सांभाळले जातात.

मी ज्यांच्या हाताखाली लाइट शिकले ते सांगलीचे काका मिठाच्या पाण्याच्या डिमरच्या गोष्टी सांगायचे. चिनी मातीच्या बरणीत मीठ-पाणी, त्यात धातूचे दोन तुकडे, एक खाली सोडत गेलं की दिवा उजळत जायचा. उघड्या विजेचा जीवघेणा प्रकार होता तो, आज कुणी चुकूनही करू नये. पण त्या बरणीत पायऱ्या नव्हत्या. आपल्याला तेच हवंय, फक्त सुरक्षित हवंय.

त्याचा मार्ग म्हणजे सोळा बिट. एका डिमरसाठी दोन चॅनेल वापरायचे : पहिला ढोबळ, दुसरा बारीक. फिक्स्चरच्या, म्हणजे दिव्याच्या, माहितीपत्रकात ते 'डिमर' आणि 'डिमर फाइन' असे दिसतात. ढोबळ चॅनेलच्या दोन पायऱ्यांमधल्या जागेत बारीक चॅनेल आणखी २५६ पायऱ्या घालतो, म्हणजे एकूण ६५,५३६. ढोबळ आकड्याला २५६ ने गुणा, त्यात बारीक आकडा मिळवा, की खरी किंमत निघते. माझ्या त्याच पहाटेला आता ७६ ऐवजी साडेएकोणीस हजारांहून जास्त पायऱ्या मिळतात. पूर्ण ५१२ चॅनेलची डीएमएक्स तार सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा आकडे पाठवते, नव्वद सेकंदांत चार हजारांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक वेळी नवा आकडा जाऊ शकतो, आणि इतक्या बारीक पायऱ्या डोळ्याला वेगळ्या दिसत नाहीत.

आता कामाला लागू. सुरुवात लॅपटॉपपासून करू नका, दिव्यापासून करा.

दिव्याच्या मागच्या डिस्प्लेवर मोड बदलता येतो. बहुतेकांचा लहान मोड वापरायची सवय असते, कारण चॅनेल कमी लागतात. ज्या मोडमध्ये डिमर फाइन आहे तो निवडा. आमच्या दिव्यांचा असा मोड १४ चॅनेलचा आहे, त्यामुळे पत्तेही (प्रत्येक दिव्याच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक) बदलावे लागले : १, १५, २९, ४३ असे. मोड बदलून पत्ते जुनेच ठेवले तर एका दिव्याचा फाइन दुसऱ्याच्या लाल रंगावर जाऊन बसतो आणि तासभर डोकं खाजवावं लागतं.

मग खोलीत पूर्ण अंधार करा. दिव्यासमोर हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा उभा करा. सॉफ्टवेअरमधल्या 'सिंपल डेस्क'वर रंग पूर्ण वर घ्या, ढोबळ डिमर १ वर ठेवा आणि फाइनची पट्टी हाताने ० पासून २५५ पर्यंत हळूहळू सरकवा. पुठ्ठ्याकडे बघत राहा. उजेड सलग वाढत गेला तर दिवा खरा आहे. काही दिवे फाइन चॅनेल देतात, पण आतली एलईडी चालवणारी पाटी तेवढी बारीक नसते. फाइन कितीही सरकवला तरी उजेड तसाच राहतो आणि ढोबळ २ वर गेला की एकदम उडी मारतो. असल्या दिव्याचा फाइन चॅनेल म्हणजे नुसती जागा अडवणं. दिवे भाड्याने आणत असाल तर ही चाचणी गोदामातच करा, पुठ्ठा सोबत न्या.

याच वेळी दिव्याच्या मेन्यूतला 'डिमर कर्व्ह' (उजेड वाढण्याचा वक्र) बघून ठेवा. लिनियर, स्क्वेअर लॉ, एस कर्व्ह अशी नावं असतात. स्क्वेअर लॉमध्ये तुम्ही ५० टक्के मागितले तर दिवा २५ टक्के उजेड देतो, म्हणजे तळाचा भाग ताणून लांब केलेला असतो. तो आत्ता लिनियरवर ठेवा. कारण पुढे सांगते.

आता सॉफ्टवेअर. मी क्यूएलसी प्लस वापरते. ते फुकट आहे, मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं, अगदी रास्पबेरी पायवरसुद्धा. 'फिक्स्चर्स'मध्ये दिवा जोडताना तुमच्या मॉडेलचा नेमका तोच मोड निवडा. मॉडेल यादीत नसेल तर सोबत येणाऱ्या फिक्स्चर एडिटरमध्ये स्वतः बनवा, अर्ध्या तासाचं काम आहे. तिथे एक बारकावा आहे : ढोबळ डिमर आणि फाइन डिमर दोन्ही 'इंटेन्सिटी' प्रकारचे करायचे, आणि पहिल्याला कोर्स, दुसऱ्याला फाइन ही भूमिका द्यायची. मी पहिल्यांदा फाइनला काहीच न सांगता तसाच सोडला होता. सॉफ्टवेअरला तो डिमरचा भाऊ आहे हे कळायला काही मार्गच नव्हता.

सीन, म्हणजे दिव्यांच्या आकड्यांचा साठवून ठेवलेला संच, बनवताना दोन्ही चॅनेलवर टिक हवी. फाइनची टिक राहिली तर तो आधीच्या आकड्यावर अडकून बसतो. पूर्ण उजेड म्हणजे २५५ आणि २५५, अंधार म्हणजे ० आणि ०, निम्मा उजेड म्हणजे १२८ आणि ०.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची, ती मात्र टाळू नका. दोन सीन करा. पहिल्यात डिमर २, फाइन १२८. दुसऱ्यात डिमर ५, फाइन ०. दुसऱ्या सीनला पंधरा सेकंदांचा फेड इन द्या, पहिला चालू करून मग दुसरा चालवा आणि 'मॉनिटर' उघडून दोन्ही आकड्यांकडे बघा. सॉफ्टवेअर दोघांना एक समजत असेल तर फाइन भराभर २५५ पर्यंत धावेल, शून्यावर येईल, पुन्हा धावेल, आणि प्रत्येक फेरीला ढोबळ एकाने वाढेल. घड्याळातल्या सेकंद काट्यामागून मिनिट काटा सरकावा तसा. सॉफ्टवेअर दोघांना वेगवेगळं समजत असेल तर फाइन एकदाच १२८ वरून ० कडे उतरत जाईल, आणि ढोबळ मात्र पाच-पाच सेकंदांनी वर चढेल. पुठ्ठ्यावर याचं चित्र करवतीच्या दात्यांसारखं दिसतं : उजेड उडी मारून वाढतो, हळूहळू उतरतो, पुन्हा उडी. आठ बिटांपेक्षा वाईट. आवृत्ती कोणतीही असो, लोक काहीही सांगोत, ही चाचणी आपल्या लॅपटॉपवर आपल्या फाइलमध्ये करून बघा. करवत दिसली तर आधी फिक्स्चरमधली कोर्स-फाइन भूमिका तपासा, मग नवी आवृत्ती टाकून बघा. ईऑस किंवा ग्रँडएमए यांसारख्या मोठ्या बोर्डांवर ही कटकट नसते, ते डिमरला एकच आकडा मानतात. पण ते भाडं तालुक्याच्या ग्रुपला कुठून परवडणार?

क्यूएलसी प्लसमध्ये 'चॅनेल मॉडिफायर' नावाची सोय आहे, त्यात एक्स्पोनेन्शियल वगैरे तयार वक्र मिळतात. बघितल्यावर मोह होतो. पण ते ० ते २५५ च्या आकड्याला ० ते २५५ चाच दुसरा आकडा देतात. ढोबळ चॅनेलवर असा वक्र लावला की फाइनशी त्याचं नातं तुटतं. सोळा बिटांच्या दिव्यावर मॉडिफायर लावू नका.

तर वक्र कुठून आणायचा? माझी पहाट मी अशी बांधते. डोळा तुलना करतो, मग उजेड ठरावीक वेळाने दुप्पट होत गेला की डोळ्याला वाढ एकसारखी वाटते. म्हणून एक चेसर (एकामागून एक चालणाऱ्या सीनची साखळी) करायचा, 'सिंगल शॉट' म्हणजे एकदाच चालणारा, प्रत्येक पायरीला स्वतःचा फेड इन, होल्ड म्हणजे मधलं थांबणं शून्य. आकडे लिहून घ्या, आधी ढोबळ, मग फाइन :

१ आणि ६४, इथपर्यंत शून्यापासून वीस सेकंद.
२ आणि १२८, पंधरा सेकंद.
५ आणि ०, पंधरा सेकंद.
१० आणि ०, पंधरा.
२० आणि ०, पंधरा.
४० आणि ०, पंधरा.
८० आणि ०, पंधरा.

शेवटच्या टप्प्याला एकतीस टक्क्यांवर पोचलो आणि एकूण एकशे दहा सेकंद लागले. पहिल्या पन्नास सेकंदांत ढोबळ आकडा शून्यावरून पाचवर आला, म्हणजे आठ बिटांच्या दिव्याला इथे फक्त पाच ठोकळे मिळाले असते. ती मुलगी जे बघून बोलली ते हेच पाच ठोकळे. आता त्याच पन्नास सेकंदांत १,२८० पायऱ्या आहेत. जात्यावरचा बाईचा हात, मग मनगटातल्या बांगड्या, मग कपाळ, अशी ती हळूहळू अंधारातून वर येते, आणि कोणत्या क्षणी दिसायला लागली ते मलाही सांगता येत नाही.

दिव्याचा कर्व्ह लिनियरवर ठेवायला सांगितलं ते याचसाठी. दिव्यात स्क्वेअर लॉ आणि वर ही दुपटीची साखळी, असे दोन वक्र एकावर एक चढले तर पहिला अर्धा मिनिट काहीच दिसत नाही आणि नंतर उजेड अंगावर धावून येतो. साखळी बांधायचा कंटाळा असेल तर दिव्यात स्क्वेअर लॉ ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये सरळ एकच लांब फेड द्या. तेही चांगलं दिसतं. मला टप्पे हवे असतात, कारण ओवीच्या कडव्याप्रमाणे एखादा टप्पा लांबवता येतो.

रंगाचंही याच कुटुंबातलं दुखणं आहे. सायक्लोरामावर, म्हणजे त्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर, मी पहाटेचा रंग लाल २५५, हिरवा १२०, निळा १० असा घेते. रंगांच्या चॅनेलवर फेड केला आणि आठ बिटांत पाच टक्क्यांवर आले की लाल १३, हिरवा ६ आणि निळा अर्धा! अर्धा म्हणजे शून्य किंवा एक. गुलाबी झाक एकदम गायब होते, मग एकदम परत येते. म्हणून रंग आधीच अंधारात पूर्ण लावून ठेवा आणि हालचाल फक्त मास्टर डिमरची (दिव्याच्या एकूण उजेडाच्या चॅनेलची) ठेवा. पडद्यावर उजेड यायच्या आधी दहा सेकंद एक क्यू (ठरल्या वेळी सोडायचा बदल) असा असतो की ज्यात डिमर शून्य आणि रंग जागेवर. तो क्यू प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पहाट बिघडते.

हाताने फेडर ओढून संथ फेड करू नका, निदान लॅपटॉपला जोडायच्या मिडी पेटीच्या छोट्या फेडरवर तर नाहीच. साधा मिडी फेडर ० ते १२७ एवढेच आकडे देतो, म्हणजे आठ बिटांच्याही निम्मे. सॉफ्टवेअरमधल्या व्हर्च्युअल कन्सोलचा पडद्यावरचा स्लायडरही २५५ वर संपतो. हात क्यू लिस्टच्या 'पुढे'वर ठेवा आणि वेळ सॉफ्टवेअरला सांभाळू द्या. नट लांबला, गाणं लांबलं तर टप्प्यांमधला एखादा क्यू हाताने सोडता येईल अशी सोय करून ठेवा. दोन फंक्शन्स (सीन किंवा चेसर) एकाच दिव्याच्या डिमरवर एकाच वेळी चालू राहणार नाहीत हेही बघा. इंटेन्सिटीला मोठा आकडा जिंकतो हा नियम असतो. तो ढोबळ आणि फाइनला वेगवेगळा लागला तर ढोबळ एका सीनचा आणि फाइन दुसऱ्याचा अशी खिचडी होते.

तारेबद्दल थोडं, कारण मला तिनेच सर्वांत जास्त छळलं. एवढं सगळं केल्यावर एका रंगीत तालमीत दोन दिवे तळाशी मधूनच थरथरायला लागले. ठरावीक पायऱ्या नाहीत, नुसती थरथर. मी दोन तास सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसले. शेवटी कळलं की मधली एक केबल माइकची होती आणि शेवटच्या दिव्याला टर्मिनेटर नव्हता. माइकची केबल दिसायला तशीच असते, पण डीएमएक्सला १२० ओहमच्या जातीची केबल लागते. टर्मिनेटर म्हणजे एक्सएलआर प्लगच्या पिन २ आणि पिन ३ यांच्यामध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, चहाच्या पैशात घरी बनतो. उजेड भरपूर असताना अशी चूक लपते. दोन टक्क्यांवर आकडा क्षणभर जरी चुकला तरी तो सगळ्या सभागृहाला दिसतो.

लॅपटॉप आणि तारेच्या मध्ये जी डबी असते तीही बघून घ्या. साध्या स्वस्त डबीत स्वतःचा प्रोसेसर नसतो, आकड्यांचा ताल लॅपटॉपने धरायचा असतो. मागे अपडेट सुरू झालं की ताल चुकतो आणि फेड क्षणभर अडखळतो. ज्या डबीत स्वतःचा प्रोसेसर असतो ती आकडे स्वतः नियमित पाठवत राहते. दोन-तीन प्रयोगांचं मानधन बाजूला ठेवून ती घ्या. तोवर वायफाय बंद, अपडेट बंद, चार्जर लावलेला, बॅटरी वाचवायची सेटिंग बंद.

आता ज्यांच्या दिव्यांना फाइन चॅनेलच नाही त्यांच्यासाठी, आणि असे ग्रुप जास्त आहेत. दिव्याच्या मेन्यूत 'डिमर स्पीड', 'स्मूथ' किंवा 'हॅलोजन' असा पर्याय शोधा. तो लावला की दिवा दोन आकड्यांच्या मधली वाट स्वतः हळू चालतो, टंगस्टनच्या तारेसारखा. मग ब्लॅकआउट (एकदम केलेला अंधार) थोडा सुस्त होतो, तेवढं दिग्दर्शकाशी बोलून घ्या. दुसरा उपाय दिव्याचा उजेडच कमी करायचा : समोर राखाडी जिलेटिनचा पारदर्शक कागद लावा किंवा दिवा मागे न्या. मग तीस टक्क्यांचं काम शंभर टक्क्यांत करावं लागतं आणि २५५ च्या २५५ पायऱ्या तुम्हाला वापरायला मिळतात. तिसरा, रंगाचे आकडे वीसच्या आसपास ठेवून मास्टर डिमर ० ते २५५ चालवा. दिव्याच्या आत गुणाकार बारीक होत असेल तर हा चमत्कार करतो, नसेल तर काहीच होत नाही. पुठ्ठ्यावर पाच मिनिटांत समजतं. आणि एकाच जागेवर तीन दिवे असतील तर त्यांचे फेड अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने मागेपुढे सुरू करा, म्हणजे तिघांच्या उड्या एकाच वेळी पडत नाहीत.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो चौथा मार्ग. जुना एक फ्रेनेल आणि डिमरचं एक चॅनेल विकून टाकू नका. पहाटेचे पहिले तीन टक्के त्या टंगस्टनला द्या. तो तळाशी आपोआप तांबूस होतो, तो रंग कुठल्याही एलईडीतून मला अजून काढता आलेला नाही. त्याच्या उजेडाच्या आडोशाने एलईडी आत आणा, तळाची पहिली उडी त्याखाली झाकली जाते.

संध्याकाळ उतरवताना हीच साखळी उलटी चालवायची, फक्त शेवटचा टप्पा, १ आणि ६४ वरून शून्य, निदान आठ सेकंदांचा ठेवा. एलईडी शेवटच्या कणापाशी पटकन मरतो. तसं दिसलंच तर बाकीच्या दिव्यांच्या दोन सेकंद आधी त्याला शून्यावर न्या, म्हणजे त्याचं जाणं दुसऱ्याच्या उजेडात विरघळतं.

आणि हे सगळं बोर्डामागे उभं राहून तपासू नका. तिथे लॅपटॉपच्या पडद्याने डोळे दिपलेले असतात. फाइल सेव्ह करा, मित्राला क्यू सोडायला सांगा, सभागृहातले सगळे दिवे घालवा आणि पहिल्या रांगेत जाऊन बसा. पाच मिनिटं काहीच करू नका, डोळ्याला अंधाराची सवय होऊ द्या. मग पहाट चालवायला सांगा. मी आता प्रत्येक गावात तिसऱ्या घंटेच्या तासभर आधी हे करते, ती मुलगी जिथे बसली होती त्याच बाजूच्या खुर्चीत.